मायक्रोब्रुअरीचा परवाना : कायदा, प्रक्रिया आणि परिसराचा अधिकार

गेल्या दीड दशकात पुणे, बेंगळुरू, गुरुग्राम, मुंबई, हैदराबाद आदी शहरांत एक नवा व्यवसाय रुजला आहे. ज्या जागेत बिअर तयार होते, त्याच जागेत ती ग्राहकाला जेवणासोबत दिली जाते. अशा जागेला बोलीभाषेत ब्रू-पब आणि शासकीय कागदपत्रांत मायक्रोब्रुअरी म्हटले जाते. पुण्यात २००९ मध्ये 'डूलाली'ने या प्रकारच्या बिअरची सुरुवात केली. बेंगळुरूत २०११ च्या सुमारास पहिल्या मायक्रोब्रुअरी सुरू झाल्या आणि पुढे ते शहर या व्यवसायाचे देशातील प्रमुख केंद्र ठरले.

बाहेरून पाहता हा उपाहारगृहाचाच एक प्रकार वाटतो. कायद्याच्या दृष्टीने मात्र तो कारखाना, मद्यविक्री केंद्र आणि उपाहारगृह अशा तिहेरी स्वरूपाचा आहे. त्यामुळे परवानेही तिन्ही प्रकारचे लागतात. त्यांपैकी एक जरी अडला, तरी उरलेले निरुपयोगी ठरतात. दुसऱ्या बाजूला, ज्या वस्तीत असे केंद्र सुरू होते तेथील रहिवाशांनाही कायद्याने काही अधिकार दिले आहेत. अर्जदार आणि रहिवासी या दोघांनाही उपयुक्त ठरेल अशा रीतीने या व्यवस्थेचा हा परिचय.

राज्यघटना काय सांगते?

भारतात मद्याविषयीचा एकच राष्ट्रीय कायदा नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत ८ व्या नोंदीखाली मादक मद्याचे उत्पादन, बाळगणे, वाहतूक, खरेदी आणि विक्री हे विषय राज्यांकडे सोपवलेले आहेत. ५१ व्या नोंदीनुसार मानवी सेवनाच्या मद्यावर उत्पादन शुल्क आकारण्याचा अधिकारही राज्यांचाच आहे. परिणामी परवान्यांची नावे, शुल्क, वयोमर्यादा, विक्रीच्या वेळा आणि जागेचे निकष प्रत्येक राज्यात वेगळे आहेत. पुण्यात मिळालेला परवाना सीमेपलीकडे बेळगावीत किंवा पणजीत चालत नाही. तेथे नव्याने अर्ज करावा लागतो.

राज्यघटनेच्या अनुच्छेद ४७ मधील मार्गदर्शक तत्त्वानुसार, औषधी प्रयोजन वगळता मादक पेयांच्या सेवनास बंदी आणण्यासाठी राज्याने प्रयत्नशील राहावे, अशी अपेक्षा आहे. या तत्त्वाची अंमलबजावणी न्यायालयामार्फत सक्तीने करून घेता येत नाही. पण मद्यविषयक खटल्यांत त्याचा आधार वारंवार घेतला जातो. खोडे डिस्टिलरीज विरुद्ध कर्नाटक राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की मद्याचा व्यापार करणे हा नागरिकाचा मूलभूत हक्क नाही. राज्य पूर्ण बंदी घालू शकते, स्वतःची मक्तेदारी निर्माण करू शकते किंवा अटींवर खासगी व्यक्तीस परवानगी देऊ शकते. मात्र परवानगी देण्याचे धोरण स्वीकारल्यावर पात्र अर्जदारांमध्ये भेदभाव करता येत नाही.

ही भूमिका परवान्याच्या संपूर्ण व्यवस्थेचा पाया आहे. किराणा दुकान उघडणारा आपला हक्क बजावत असतो. मद्याचा परवाना मागणारा राज्याकडे सवलत मागत असतो. त्यामुळे सर्व अटी पूर्ण केल्या म्हणून परवाना मिळेलच, असे गृहीत धरता येत नाही. आणि मिळालेला परवाना दरवर्षी नूतनीकरणाच्या अधीन राहतो.

कायद्याच्या नावातच दारूबंदी

महाराष्ट्रात मद्यासंबंधीचा मूळ कायदा आहे तो महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९. पूर्वी तो मुंबई दारूबंदी अधिनियम म्हणून ओळखला जात असे. ब्रिटिश काळात १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याचा मुख्य उद्देश महसूल हा होता. १९४९ चा कायदा त्याच्या उलट दिशेचा आहे. त्यात मद्याचे उत्पादन, विक्री आणि सेवन यांवर बंदी हा नियम असून परवाना हा त्याला अपवाद आहे. १९५१ मध्ये एफ. एन. बलसारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या कायद्यातील काही तरतुदी रद्द केल्या. परंतु कायद्याचा मुख्य ढाचा वैध ठरवला.

पुढील काळात राज्याने बंदी टप्प्याटप्प्याने शिथिल केली. कायद्याचे नाव आणि रचना मात्र तशीच राहिली. 'परमिट रूम' हा मराठी माणसाच्या तोंडी असलेला शब्द याच रचनेतून आला आहे. मद्य पिण्यासाठी व्यक्तीकडे परवाना असावा आणि अशा परवानाधारकालाच तेथे मद्य द्यावे, ही त्यामागची कल्पना. सेवनाच्या परवान्याची अट आजही कायद्यात कायम आहे. महाराष्ट्रात बिअर व वाइनसाठी किमान वय २१ वर्षे आणि तीव्र मद्यासाठी २५ वर्षे आहे.

याच राज्यात वर्धा आणि गडचिरोली या जिल्ह्यांत दारूबंदी आहे. गडचिरोलीतील बंदी १९९३ पासून लागू असून तिच्यामागे स्थानिक जनआंदोलन होते. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये लागू झालेली बंदी २०२१ मध्ये उठवण्यात आली. अशा बंदी असलेल्या जिल्ह्यात मायक्रोब्रुअरीचा अर्ज करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

कोणते परवाने लागतात?

महाराष्ट्रातील परवाने इंग्रजी अक्षरे आणि आकडे यांनी ओळखले जातात. देशी दारूच्या किरकोळ विक्रीसाठी सीएल-३, वाइन शॉपसाठी एफएल-२, परमिट रूमसाठी एफएल-३, बिअर शॉपीसाठी एफएल-बीआर-२, तर बिअर उत्पादनासाठी बीआरएल अशी त्यांची ढोबळ विभागणी आहे. वाइन शॉपचे नवे परवाने सत्तरच्या दशकापासून दिले गेलेले नाहीत. त्यामुळे जुन्या परवान्यांचे हस्तांतरण हाच तेथे प्रवेशाचा मार्ग उरला आहे. एफएल-३ परवान्याबाबत अशी स्थिती नसून निकष पूर्ण करणाऱ्या उपाहारगृहाला त्यासाठी नव्याने अर्ज करता येतो.

ब्रू-पब चालवू इच्छिणाऱ्यास उत्पादन आणि विक्री अशा दोन्ही बाजू सांभाळाव्या लागतात. विक्रीची बाजू एफएल-३ परवान्याशी जोडलेली आहे. उत्पादनाच्या बाजूला महाराष्ट्र बिअर व वाइन उत्पादन नियम, १९६६ लागू होतात. एफएल-३ परवान्याच्या मंजुरीत जिल्हाधिकाऱ्यांची भूमिका प्रमुख असते. उत्पादनाच्या परवान्याचा विचार राज्य उत्पादन शुल्क आयुक्त आणि शासन यांच्या पातळीवर होतो. दोन्ही ठिकाणी प्रत्यक्ष चौकशी करणारी यंत्रणा एकच, ती म्हणजे राज्य उत्पादन शुल्क विभागाचे जिल्हा अधीक्षक, निरीक्षक आणि दुय्यम निरीक्षक.

अर्जाचा क्रम

अर्ज भरण्यापूर्वीच जागा निश्चित असावी लागते, कारण परवाना व्यक्तीला आणि जागेला मिळून दिला जातो. त्यासाठी नोंदणीकृत भाडेकरार किंवा मालकीचा दस्तऐवज, मंजूर बांधकाम आराखडा, भोगवटा प्रमाणपत्र आणि व्यावसायिक वापराची परवानगी यांची आवश्यकता असते. जुन्या इमारतीतील गाळा, निवासी वापरासाठी मंजूर झालेला बंगला किंवा गच्चीवर उभारलेले शेड या ठिकाणी बहुसंख्य अर्ज याच टप्प्यावर अडखळतात. जागेच्या वापरातील दोष पुढे कोणत्याही शुल्काने दुरुस्त होत नाही. म्हणून भाडेकरारावर स्वाक्षरी करण्यापूर्वी मंजूर आराखड्याची प्रत महापालिकेतून मिळवून तपासणे हा या व्यवसायातील पहिला धडा मानला जातो.

यानंतर उपाहारगृहाशी संबंधित परवाने येतात. महापालिका किंवा नगरपरिषदेचा आरोग्य व व्यवसाय परवाना, अग्निशमन विभागाचे ना-हरकत प्रमाणपत्र, भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा परवाना, २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियमाखालील नोंदणी आणि वस्तू व सेवा कराची नोंदणी ही त्यांतील प्रमुख. संगीत वाजवायचे असल्यास स्वामित्व हक्क अधिनियम, १९५७ नुसार सार्वजनिक सादरीकरणाची परवानगी स्वतंत्रपणे घ्यावी लागते.

उपाहारगृहाची पूर्तता झाल्यावर मद्याचा अर्ज विभागाकडे सादर होतो. त्यासोबत अर्जदाराची ओळख, भागीदारी किंवा कंपनीची कागदपत्रे, आर्थिक क्षमतेचा पुरावा आणि जागेचा मोजमापांसह नकाशा जोडावा लागतो. नकाशात मद्यसाठ्याची खोली, ग्राहकांची बैठक, स्वयंपाकघर, ये-जा करण्याचे मार्ग आणि मायक्रोब्रुअरीच्या बाबतीत उत्पादन कक्ष वेगळा दाखवणे अपेक्षित असते. निरीक्षक जागेची पाहणी करतात, शाळा व धार्मिक स्थळांपासूनचे अंतर मोजतात आणि अहवाल देतात. अर्जदाराच्या पूर्वचारित्र्याबाबत पोलिसांचा अभिप्राय मागवला जातो.

परवाना शुल्क सर्वत्र समान नसते. महाराष्ट्रात ते शहराच्या लोकसंख्येनुसार ठरते. मुंबई किंवा पुण्यातील परमिट रूमला भरावे लागणारे शुल्क छोट्या नगरपरिषद क्षेत्रातील परमिट रूमपेक्षा कितीतरी अधिक असते. परवाना वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असे असते. वर्षाच्या अखेरच्या महिन्यांत मिळालेल्या परवान्याचे नूतनीकरण लगेच दाराशी येते, हे अर्जदाराने ध्यानात ठेवावे लागते.

या क्रमातील खरी आर्थिक जोखीम प्रतीक्षेच्या काळात असते. जागा हाती असल्याशिवाय अर्ज होत नाही आणि अर्ज मंजूर होईपर्यंत जागेतून उत्पन्न मिळत नाही. या मधल्या महिन्यांचे भाडे, कर्जाचे हप्ते आणि यंत्रसामग्रीत अडकलेले भांडवल सोसण्याची तयारी नसलेला छोटा उद्योजक परवाना येण्याआधीच खचतो. भाडेकरारात परवाना नाकारला गेल्यास करार संपुष्टात आणण्याची तरतूद किंवा परवाना मिळेपर्यंत कमी भाड्याची अट घालून घेणे हे त्यावरील व्यवहार्य उपाय आहेत.

अर्ज नाकारला गेल्यास मार्ग संपत नाही. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियमाच्या कलम १३७ मध्ये अपिलाची आणि कलम १३८ मध्ये पुनरीक्षणाची तरतूद आहे. त्यानंतर उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. मात्र न्यायालये अशा प्रकरणांत परवाना द्यावा की नाही यापेक्षा निर्णय घेताना नियम, सुनावणी आणि समान वागणूक पाळली गेली का, हेच प्रामुख्याने पाहतात.

अंतर आणि महामार्ग

शैक्षणिक संस्था आणि धार्मिक स्थळे यांच्यापासून ठरावीक अंतर राखण्याची अट जवळपास प्रत्येक राज्यात आहे. कर्नाटकात परवान्याच्या सर्वसाधारण अटींच्या १९६७ च्या नियमांत हे अंतर १०० मीटर असून त्यात रुग्णालये आणि शासकीय कार्यालयेही समाविष्ट आहेत. ऐकायला सोपी वाटणारी ही अट व्यवहारात वादाचे मूळ ठरते. अंतर सरळ रेषेत मोजायचे की पायी जाण्याच्या मार्गाने, इमारतीच्या कुंपणापासून की मुख्य दारापासून, गल्लीतील लहानसे देऊळ नोंदणीकृत आहे की नाही, अशा प्रश्नांवर खटले उभे राहिले आहेत. संबंधित राज्याच्या नियमांतील मोजणीची नेमकी पद्धत वाचल्याशिवाय जागा घेऊ नये, हाच त्यातील बोध.

महामार्गाबाबत सर्वोच्च न्यायालयाचा १५ डिसेंबर २०१६ चा निकाल निर्णायक ठरला. तमिळनाडू राज्य विरुद्ध के. बालू या प्रकरणात राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्रीस मनाई करण्यात आली. ३१ मार्च २०१७ रोजी न्यायालयाने स्पष्ट केले, की ही मनाई दुकानांपुरती मर्यादित नसून बार, पब आणि उपाहारगृहांनाही लागू आहे. २०,००० पर्यंत लोकसंख्येच्या स्थानिक संस्थांच्या हद्दीत हे अंतर २२० मीटर करण्यात आले. १ एप्रिल २०१७ रोजी देशभरातील हजारो आस्थापनांना मद्यविक्री थांबवावी लागली. त्याच वर्षी जुलैमध्ये न्यायालयाने महापालिका क्षेत्रातील परवानाधारकांबाबत राज्यांना निर्णयाची मोकळीक असल्याचे स्पष्ट केल्यानंतर शहरांतील बरीच केंद्रे पुन्हा सुरू झाली. वैध परवाना हाती असूनही एका निकालाने व्यवसाय एका रात्रीत थांबू शकतो, याचे ते ठळक उदाहरण होते.

बिअर बनते कशी आणि मोजली जाते कशी?

परवान्याच्या अटी समजण्यासाठी उत्पादनाची प्रक्रिया थोडक्यात जाणणे आवश्यक आहे. मोड आणून वाळवलेले बार्ली, म्हणजेच माल्ट, भरडून कोमट ते गरम पाण्यात ठेवले जाते. त्यातील पिष्टाची साखर होते. हे गोड पाणी गाळून उकळतात आणि उकळताना त्यात हॉप्स ही कडवट चव देणारी वनस्पती घालतात. द्रव थंड करून किण्वन टाकीत घेतल्यावर यीस्ट साखरेचे अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर करते. एल प्रकारच्या बिअरला साधारण दोन ते तीन आठवडे, तर कमी तापमानात आंबणाऱ्या लागरला त्याहून अधिक काळ लागतो. बार्ली राजस्थान, उत्तर प्रदेश, हरियाणा या राज्यांत रब्बी हंगामात पिकते. हॉप्स मात्र मुख्यतः आयात करावे लागतात.

सुमारे ५ टक्के अल्कोहोलच्या १,००० लिटर बिअरसाठी साधारण २०० किलो माल्ट लागते. उत्पादन शुल्क विभागाच्या दृष्टीने हे प्रमाण महत्त्वाचे असते, कारण खरेदी केलेल्या माल्टवरून किती बिअर तयार व्हायला हवी होती याचा अंदाज बांधता येतो. अल्कोहोलचे प्रमाणही हिशेबाने काढता येते. किण्वनापूर्वी द्रवाचे विशिष्ट गुरुत्व १.०५० आणि किण्वनानंतर १.०१० असेल, तर बिअरमध्ये साधारण सव्वापाच टक्के अल्कोहोल असते. म्हणूनच कच्चा माल, प्रत्येक खेपेचे गुरुत्व, टाकीतील साठा आणि विक्री यांच्या नोंदी दररोज ठेवणे हे परवानाधारकाचे बंधन असते. नोंदवहीतील तफावत हे कारवाईचे एक नेहमीचे कारण आहे.

अन्न सुरक्षेच्या दृष्टीने मद्यपेयांची २०१८ ची मानके १ एप्रिल २०१९ पासून देशभर लागू आहेत. त्यांत बिअरमधील अल्कोहोलचे प्रमाण, घटक आणि आरोग्यविषयक इशारा यांचे नियम दिलेले आहेत. राज्याचा परवाना असला तरी ही केंद्रीय मानके पाळावीच लागतात.

उत्पादनाचा पर्यावरणीय भागही दुर्लक्षित करण्याजोगा नाही. एक लिटर बिअरमागे कित्येक लिटर पाणी खर्च होते आणि टाक्या धुतलेल्या सांडपाण्यात सेंद्रिय भार मोठा असतो. ते थेट गटारात सोडल्यास दुर्गंधी आणि नाला तुंबणे हे त्रास प्रथम शेजाऱ्यांना भोगावे लागतात. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ अन्वये राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून स्थापनेची आणि नंतर चालवण्याची अशा दोन संमती घेण्याची पद्धत आहे. उरलेला माल्टचा चोथा पशुखाद्य म्हणून उपयोगी पडतो. पण तो ओला असल्याने लवकर आंबतो आणि त्याच दिवशी उचलला जाणे आवश्यक असते.

करांचे दुहेरी गणित

मानवी सेवनाचे मद्य वस्तू व सेवा कराच्या कक्षेबाहेर आहे. त्यामुळे ब्रू-पबच्या एकाच देयकात दोन करपद्धती एकत्र येतात. जेवणावर वस्तू व सेवा कर, तर बिअरवर राज्याचे उत्पादन शुल्क आणि मूल्यवर्धित कर. उद्योजकाला याचा अप्रत्यक्ष फटका बसतो. ब्रुअरीची यंत्रे, टाक्या किंवा शीतकरण व्यवस्था विकत घेताना भरलेल्या वस्तू व सेवा कराची वजावट बिअरच्या विक्रीतून मिळत नाही, कारण बिअर त्या कराच्या साखळीतच नाही. प्रकल्प अहवाल तयार करताना हा कर खर्चात धरावा लागतो.

परिसराचा अधिकार

मद्य परवान्याच्या चर्चेत रहिवाशांचा उल्लेख बहुधा तक्रारदार म्हणून येतो. महाराष्ट्रात मात्र त्यांना निर्णय घेण्याचाही अधिकार आहे. राज्याच्या २००८ च्या आदेशानुसार गावातील किंवा प्रभागातील २५ टक्के महिला मतदारांनी अथवा एकूण मतदारांनी मागणी केल्यास, स्वाक्षऱ्यांच्या पडताळणीनंतर गुप्त मतदान घेतले जाते. मतपत्रिकेवर उभी बाटली म्हणजे दुकान सुरू ठेवणे आणि आडवी बाटली म्हणजे बंद करणे, अशी चिन्हे असतात. यादीतील निम्म्याहून अधिक मतदारांनी आडव्या बाटलीच्या बाजूने कौल दिल्यास मद्यविक्री बंद करण्याची कारवाई होते. बहुमत झालेल्या मतदानाचे नव्हे तर मतदार यादीचे लागत असल्याने ही अट कठीण आहे. तरीही ग्रामीण महाराष्ट्रातील महिलांनी या मार्गाने अनेक दुकाने बंद पाडली आहेत.

शहरी भागासाठी मार्च २०२५ मध्ये आणखी एक पाऊल जाहीर झाले. गृहनिर्माण सोसायटीच्या आवारातील व्यावसायिक गाळ्यात नवी बिअर शॉपी किंवा मद्यविक्रीचे दुकान सुरू करण्यासाठी त्या सोसायटीचे ना-हरकत प्रमाणपत्र आवश्यक राहील, असे तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी विधानसभेत सांगितले. खाली दुकाने आणि वर सदनिका ही रचना असलेल्या मुंबई, ठाणे, पुणे यांसारख्या शहरांत त्याचे महत्त्व स्पष्ट आहे.

रहिवाशांचे आक्षेप सहसा मद्याच्या नैतिकतेपुरते नसतात. रात्रीचा आवाज, अरुंद रस्त्यावरील वाहने, कचरा आणि महिलांची सुरक्षितता हे प्रत्यक्ष मुद्दे असतात. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपक बंदिस्त जागेबाहेर ऐकू जाता कामा नये. या प्रश्नांची उत्तरे आराखड्यातच देणारा अर्जदार परवान्यानंतरच्या संघर्षातून बऱ्याच अंशी सुटतो. ध्वनिरोधक भिंती, स्वतःच्या आवारातील वाहनतळ आणि मागील दाराने मालाची ने-आण या तरतुदी नंतर करण्यापेक्षा आधी करणे स्वस्त पडते.

परवान्यानंतरची जबाबदारी

परवाना मिळणे हा शेवट नसतो. अधिनियमाच्या कलम ५४ नुसार अटींचा भंग झाल्यास परवाना निलंबित किंवा रद्द होऊ शकतो. कायदा व सुव्यवस्थेच्या कारणास्तव मद्यविक्री बंद ठेवण्याचा आदेश कलम १४२ खाली जिल्हाधिकारी देऊ शकतात. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १३५सी प्रमाणे मतदान संपण्याच्या वेळेपूर्वीच्या ४८ तासांत संबंधित मतदानक्षेत्रात मद्यविक्रीस मनाई असते. कोरड्या दिवसांची यादी राज्य दरवर्षी जाहीर करते.

सर्वात गंभीर जबाबदारी ग्राहकाच्या वयाची आहे. १९ मे २०२४ रोजी पुण्यातील कल्याणीनगर येथे भरधाव मोटारीच्या धडकेत दोन तरुण संगणक अभियंत्यांचा मृत्यू झाला. मोटार चालवणारा अल्पवयीन असल्याचे आणि त्यापूर्वी त्याला शहरातील मद्यालयांत मद्य देण्यात आल्याचे आरोप समोर आल्यानंतर संबंधितांवर गुन्हे दाखल झाले व शहरातील अनेक मद्यालयांवर कारवाई झाली. वयाचा पुरावा मागणे ही ग्राहकाला दुखावणारी बाब नसून परवान्याची मूलभूत अट आहे, हे त्या घटनेने अधोरेखित केले.

अग्निसुरक्षेची किंमतही मुंबईने मोजली आहे. २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर लोअर परळच्या कमला मिल आवारातील गच्चीवरील मद्यालयांना लागलेल्या आगीत १४ जणांचा मृत्यू झाला. ज्वलनशील आच्छादने, अनधिकृत बांधकाम आणि बाहेर पडण्याच्या मार्गांतील अडथळे हे मुद्दे तेव्हा चर्चेत आले. ब्रू-पबमध्ये बाष्पक, दाबाखालील टाक्या आणि कार्बन डायऑक्साइड वायू असल्याने धोके आणखी वाढतात. बंदिस्त खोलीत हा वायू साचल्यास कामगार गुदमरू शकतो. म्हणून वायुवीजन आणि वायूसूचक यंत्रे आवश्यक ठरतात.

इतर राज्यांतील चित्र

कर्नाटकात परवाना वर्ष १ जुलैपासून सुरू होते. तेथे बार व उपाहारगृहासाठीचा सीएल-९ हा परवाना नव्वदच्या दशकापासून दीर्घकाळ नव्याने दिला गेला नाही. त्यामुळे जुन्या परवान्यांच्या हस्तांतरणाला मोठी किंमत आली. तेलंगणाने २०१५ मध्ये मायक्रोब्रुअरीसाठी नियम केले आणि हैदराबादेत हा व्यवसाय उभा राहिला. हरियाणाने मद्यसेवनाचे किमान वय २५ वरून २१ वर आणण्याची दुरुस्ती २०२१ मध्ये केली. शेजारच्या दिल्लीत ते २५ राहिले. दिल्लीत १७ नोव्हेंबर २०२१ पासून लागू झालेले नवे उत्पादन शुल्क धोरण वर्षभरही टिकले नाही. १ सप्टेंबर २०२२ पासून जुनी पद्धत परत आली. धोरणाच्या भरवशावर दीर्घ मुदतीची गुंतवणूक करणाऱ्यांसाठी तो इशारा होता.

गोव्यात १९६४ चा उत्पादन शुल्क कायदा लागू आहे. महाराष्ट्राप्रमाणे दारूबंदी हा त्याचा पाया नाही, आणि काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांकही मिळालेला आहे. गुजरात आणि २०१६ पासून बिहार येथे दारूबंदी आहे. देशांतर्गत स्थलांतर करून व्यवसाय करू पाहणाऱ्या मराठी उद्योजकाला म्हणूनच प्रत्येक राज्याचा कायदा मुळापासून वाचावा लागतो.

२०२० च्या टाळेबंदीने या व्यवसायाची आणखी एक मर्यादा उघड केली. मायक्रोब्रुअरीची ताजी बिअर सहसा पाश्चरीकृत नसते आणि ती फार काळ टिकत नाही. परवान्यानुसार ती त्याच जागेत विकायची असल्याने ग्राहक येणे थांबताच टाक्यांतील साठा अडकला आणि अनेक शहरांत तो ओतून द्यावा लागला. त्यानंतर काही राज्यांनी ती बाटलीत भरून घरी नेण्यास परवानगी दिली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या भूमिकेनुसार मद्यसेवनाची कोणतीही मात्रा आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येत नाही. बिअरही त्याला अपवाद नाही. राज्यांच्या तिजोरीसाठी मद्य हा महत्त्वाचा महसूल आहे आणि त्याच राज्यांना घटनेने मद्यनिषेधाचे उद्दिष्ट दिलेले आहे. परवान्याची लांबलचक प्रक्रिया ही या दोन टोकांमधील तडजोड आहे. अर्जदाराला ती अडथळ्यांची शर्यत वाटते. शेजारच्या घरात राहणाऱ्यासाठी ती अनेकदा आपले म्हणणे मांडण्याची एकमेव संधी असते. जागेची कायदेशीर स्थिती, परवाना येईपर्यंत पुरेल इतके भांडवल आणि परिसराशी आधीच साधलेला संवाद या तीन गोष्टींची तयारी ज्याच्याकडे असते, त्याच्या बाबतीत ही प्रक्रिया पार पडण्याची शक्यता अधिक असते.